सतरा नंबरचा कानोसा

पहिल्याच संध्याकाळी जॉबर गल्लीतल्या चाळीस घरांपैकी एकतीस घरं लाल झाली, आणि इंदाक्का मकोट्यांची जी पळापळ सुरू झाली ती गल्लीतली जेवणं उरकेपर्यंत थांबली नाही.

लाल झाली ती इंदाक्कांच्या मोबाईलवरच्या नकाशात. प्रत्येक घराला एक ठिपका होता, आणि प्रत्येक घरात त्याच दिवशी साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी भिंतीवर बसवली होती. डबीचं नाव कानोसा. या घरात कुणावर हात उगारला जायची वेळ जवळ येतेय का, हे तिनं माणसांच्या आवाजावरून आधीच ओळखायचं. ठिपका लाल झाला की गल्लीतल्याच शिकून तयार झालेल्या माणसांनी, म्हणजे ‘सोबत’ गटानं, त्या घरी जायचं. हात उगारला गेल्यावर पोलीस होते, कोर्ट होतं, दवाखाना होता. त्याच्या आधी कुणीच नव्हतं. दोन हजार छत्तीस सालच्या त्या उन्हाळ्यात ती रिकामी जागा भरायचं काम या डबीनं आणि या माणसांनी अंगावर घेतलं होतं.

इंदाक्का धापा टाकत पहिल्या घरी पोचल्या, तर तिथं नवरा-बायको एकमेकांना मालिकेत काल काय झालं ते सांगत होते. दुसऱ्या घरी आजोबा नातीला झोपवत होते. तिसरं घर शकू टेकेचं. शकू म्हणजे इंदाक्कांची लहानपणापासूनची मैत्रीण आणि सोबत गटातला त्यांचा उजवा हात. घरात शकू आणि तिचं मांजर सोडून कुणीच नव्हतं.

“शकू, कुणाशी भांडत होतीस?”

“भांडतीय कुठं? दूध पी म्हणून लाडानं सांगत होते की तिला!” शकू अशी ओरडली की मांजर पलंगाखाली गेलं.

हा घोळ इचलकरंजीतच व्हावा. या गल्लीत माणूस जन्माला येतो तो यंत्रमागाच्या खडखडाटात. आता निम्मे माग नवे, कमी आवाजाचे आले होते, तरी जुन्या मागांवर वाढलेले घसे काही बदलले नव्हते. हळू बोलणं हा या लोकांच्या लेखी आजारपणाचा प्रकार होता. आणि डबीला शिकवलं होतं पुण्यातल्या बंद दारांच्या फ्लॅटमध्ये. तिथं आवाज चढला की काहीतरी बिनसलेलं असतं. इथं आवाज चढला की समजावं, माणूस जिवंत आहे.

डबीची जन्मदात्री डॉ. तस्नीम मुजावर. मिरजेची मुलगी, आवाजाच्या विज्ञानातली डॉक्टर. इंदाक्कांनी तिला त्याच दिवशी फोन लावला. “मॅडम, तुमच्या डबीला आमच्यात दोन-चार महिने नांदायला ठेवा. आमच्याकडं गोड बोलायचं म्हटलं तरी पलीकडच्या गल्लीला कळतंय.”

तस्नीम दुसऱ्या दिवशी आली, आणि खरोखरच चार महिने येत राहिली. गल्लीतल्या बायकांनी तिला आपणहून आवाज दिले. भांडणाचे दिले, थट्टेचे दिले, बाळंतिणीला रागावल्याचे दिले. डबी ते सगळं ऐकून ऐकून शिकली. मग एका दुपारी इंदाक्कांच्या स्वयंपाकघरात चहाचा कप हातात घेऊन तस्नीमनं त्यांना डबीची ऐकायची नवी तऱ्हा समजावून सांगितली.

“आपल्या घशात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, अक्का. माणूस भ्यालं की त्या पट्ट्यांचे बारीक स्नायू आवळले जातात. आवाजाला वर-खाली खेळायला जागा राहत नाही, तो एकाच सुरात येतो. हे झालं एक. दुसरं असं, की दोन माणसं मोकळेपणानं बोलत असली, तर एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. कधी कधी तेवढाही नाही.”

“आमच्यात तर आधीचं संपायची वाटच बघत न्हाईत.”

“तेच तर चांगलं लक्षण. पण समोरच्याची भीती असली, की बाईला प्रत्येक शब्द आधी मनात तपासावा लागतो. हा चालेल का, यानं तो चिडेल का. त्या तपासणीत अर्धा सेकंद जातो, पाऊण सेकंद जातो. आपल्या कानाला ते कळत नाही, डबीला कळतं. आणि तीच बाई शेजारणीशी बोलताना मात्र अडखळत नाही. फक्त एका माणसाशी बोलताना तिचं उत्तर उशिरा येतं, वाक्यं तोकडी होतात, ती आपणहून विषय काढायचं सोडते. आम्ही जी घरं तपासली, त्यांत पहिला हात पडायच्या आधी साधारण सात महिने ही उतरण सुरू झालेली होती.”

इंदाक्कांनी भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हणजे ओरडणारा शोधायचा न्हाई. गप होत चाललेलं माणूस शोधायचं.”

“हेच लिहायला मला तीनशे पानं लागली,” तस्नीम हसून म्हणाली.

डबी शब्द ठेवत नसे. ऐकलेल्याचे आकडे करायची आणि शब्द विसरून जायची. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही असल्याशिवाय ती बसत नसे. इंदाक्कांच्या घरी पहिली सही केली होती त्यांच्या मुलानं, सुशांतनं. “आमच्या घरापासून सुरुवात करा,” असं तो स्वतःच म्हणाला होता.

इंदाक्काच या गटाच्या प्रमुख का झाल्या, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. बासष्ट वर्षांची ही बाई तीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याच्या कामावर होती, आणि त्यातली सोळा वर्षं तिनं नवऱ्याचा मार खाल्ला. वसंतराव हुशार होते. खाली कारखान्यात चोवीस माग चालू असले की वरच्या खोलीत काय चाललंय ते कुणाला ऐकू येत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं. शुक्रवारी मागांना सुट्टी. त्या दिवशी वसंतराव अगदी गरीब गाय. सुशांत बारा वर्षांचा असताना ते गेले, आणि तेराव्याच्या दिवशी त्या पोरानं आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं, की आई, मी कधी कुणावर हात उगारणार नाही. तो शब्द त्यानं पाळला. साधा आवाज चढवत नसे. जॉबर गल्लीत हळू बोलणारा तो एकटाच पुरुष, आणि इंदाक्कांना त्याचं कोण कौतुक! रोज कामावरून आला की आधी आईच्या गुडघ्यांना तेल लावायचा, मग चहा घ्यायचा.

सोबतचा वर्ग शुक्रवारी बंद मागांच्या मधल्या जागेत भरायचा. पुरुषांना शिकवायचे बापू जॉबर. माग दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बायको मात्र नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मारहाणीला कंटाळून निघून गेली होती. पहिल्याच दिवशी ते उभे राहून हे सांगत, आणि मग म्हणत, “मला कुणी आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, ते म्हाईत न्हाई. पण कुणी सांगितलंच न्हाई.” मागासारखाच माणूसही तुटायच्या आधी वेगळा वाजायला लागतो, हे त्यांचं आवडतं म्हणणं.

वर्गात तालीम व्हायची. एक बाई आणि एक पुरुष अशा दोघांनी जायचं, त्या घराशी नातं नसलेल्यांनीच. चहा मागायचा आणि तो संपला तरी उठायचं नाही. ‘तसा तो चांगला आहे’ हे चुकूनही म्हणायचं नाही, ‘तू काय केलंस’ हे तर नाहीच. बाईला विचारायचं, तुला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. या गल्लीला हे शेवटचं फार जड गेलं. बापू पदर घेतल्यासारखा पंचा डोक्यावर घेऊन बायको व्हायचे, शकू प्रश्न विचारायची, आणि दोन श्वासांच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकायची. मग सगळा वर्ग हसायचा आणि शकूला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

आता लाल ठिपके उगाच दिसत नव्हते. आधी पिवळा व्हायचा, म्हणजे उतरण सुरू झाली. वेळ अगदी जवळ आली तर लाल. पुढच्या अडीच-तीन महिन्यांत दोन घरं पिवळी झाली, सोबत जाऊन बसली, आणि दोन्ही ठिकाणी गोष्ट हात उगारण्यापर्यंत गेली नाही. गल्लीला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी इंदाक्कांनी मोबाईल उघडला तर सतरा नंबर पिवळा होता.

सतरा नंबर त्यांचंच घर.

त्यांनी मोबाईल बंद करून चालू केला. पिवळाच. चष्मा पुसला. तरी पिवळाच. मग त्यांना मनापासून राग आला. सुशांत? मुंगी पायाखाली येऊ न देणारा माझा सुशांत? पहिल्या दिवसासारखंच काहीतरी बिघडलं असणार. प्रमुख म्हणून त्यांना एक अधिकार होता. इशारा सोबतच्या जोडीकडे जाण्याआधी ‘खोटा’ म्हणून बाजूला काढता येत असे. मात्र कारण निवडावं लागे. इंदाक्कांनी बोट टेकवलं, आणि यादीतलं पहिलंच कारण घेतलं. ‘घरातली माणसं मोठ्यानं बोलतात.’

ठिपका हिरवा झाला. आणि अख्ख्या गल्लीत मोठ्यानं न बोलणारं जोडपं फक्त याच घरात आहे, हे इंदाक्कांच्या ध्यानात आलं ते चहा उकळून पातेल्याबाहेर गेल्यावर.

त्या रात्री जेवताना त्या सुनेचा आवाज ऐकत बसल्या. ऋतुजा हुपरीची, चांदीच्या कारागिराची मुलगी. सासूला आत्या म्हणायची. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्याच सकाळी गच्चीवरून समोरच्या शकूला अशी हाक मारली होती की शकूनं खालून ओरडून सांगितलं, इंदे, सून गल्लीला शोभती बघ! कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ काढायची ती. मागच्या हिवाळ्यात तिनं काम सोडलं. “तिला दगदग होते,” असं सुशांतनं आईला सांगितलं होतं. इंदाक्कांनी ते तसंच मानून घेतलं होतं.

“आज फोन कुणाचा होता?” सुशांतनं विचारलं. अगदी मऊ आवाजात.

इंदाक्का मनातल्या मनात मोजू लागल्या.

“आईचा,” ऋतुजा म्हणाली.

“दोन वेळा?”

आमटीची वाटी इंदाक्कांच्या हातात तशीच राहिली. डबीची गरज नव्हती. आता त्यांच्या कानालाही ते कळत होतं.

“एकदा कट झाला.”

“बरं,” सुशांत म्हणाला. एवढंच. मग त्यानं आईच्या ताटात भाकरी वाढली आणि गुडघ्यांचं कसं आहे ते विचारलं.

ती रात्र इंदाक्कांना झोप लागली नाही, कारण ओळखीचा एक सूर त्यांना ऐकू आला होता. ऋतुजाचा नव्हे. स्वतःचा. ‘भाजी आणायला गेले होते’, ‘शकूकडं होते’, ‘न्हाई, कुणी न्हवतं.’ तीस वर्षांपूर्वी त्याही असंच बोलायच्या, तोकडं आणि सपाट.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ऋतुजाजवळ जाऊन बसल्या. ऋतुजा शेंगा फोडत होती.

“भिंतीचा गिलावा पडलाय गं तुमच्या खोलीत. कशानं?”

“खिळा ठोकताना.”

“खिळा दिसत न्हाई कुठं.”

ऋतुजानं शेंग हातात धरून ठेवली. इंदाक्कांच्या जिभेवर शब्द आला होता, ‘तसा तो स्वभावानं...’ तो त्यांनी कसाबसा गिळला. थांबायचं. आपणच शिकवलेलं. समोरच्या घरात मांजर ओरडलं, खालून कुणी कुणाला हाक मारली, आणि इंदाक्का थांबून राहिल्या.

“ते मारत नाहीत, आत्या,” ऋतुजा शेवटी म्हणाली. “कधीच नाही. आठ-आठ दिवस बोलत नाहीत. मोबाईल बघतात. मी खाली गेले की किती वेळ लागला ते विचारतात. परवा दार लावून घेतलं आणि इथं,” तिनं कानाजवळ हात नेला, “इथं भिंतीवर मूठ मारली. मग स्वतःच रडत बसले. म्हणाले, बघ, मी तुला हातसुद्धा लावला नाही.” आणि जरा वेळानं, “त्यांना मी काय सांगू? त्यांना खरंच वाटतं की ते चांगले वागतायत.”

इंदाक्कांनी तिचं डोकं छातीशी घेतलं. त्यांना सुनेची माया आली आणि त्याच क्षणी मुलाचीही आली, आणि दोन्ही माया एका जागी मावेनात. हे पोर आयुष्यभर बापाचा हात टाळत आलं, आणि बापाचं बाकी सगळं तसंच घेऊन वाढलं. आपल्याला ते दिसलं कसं नाही? दिसलं होतं. आपण त्याला चांगुलपणा म्हणत होतो.

“सोबतला बोलावू का?” त्यांनी विचारलं. “तुझी मर्जी असंल तरच.”

ऋतुजाला उत्तर द्यायला वेळ लागला, पण मान हलली ती स्पष्ट हलली.

शुक्रवारच्या वर्गात तीस-पस्तीस माणसं होती. सुशांत नव्हता, तो कामावरच्या दुसऱ्या कारखान्यात नव्या मागांची जुळणी बघायला गेला होता. इंदाक्का उभ्या राहिल्या. एरवी त्यांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जायचा. आज मागच्या माणसांना पुढं सरकून बसावं लागलं.

“सोमवारी एका घराचा इशारा आलता. मी त्यावर खोटा म्हणून शिक्का मारला. तो खरा होता. घर सतरा नंबरचं.”

जॉबर गल्लीत इतकी शांतता लोकांनी वीज गेली तेव्हाच अनुभवली होती.

“माझ्याकडनं हा अधिकार काढून घ्या,” इंदाक्का म्हणाल्या, “आणि जोडी पाठवा. मी नात्यातली, मला जाता येत न्हाई.”

“इंदे,” शकू उठली आणि मैत्रिणीचा हात धरून तिला खाली बसवत म्हणाली, “तुझा सुशांत माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय. पण माझं त्याच्याशी नातं न्हाई. मी जाते.”

“मीबी येतो,” बापू म्हणाले.

संध्याकाळी सहा वाजता दोघं सतरा नंबरमध्ये चहा पीत बसले होते. सुशांत जिना चढून वर आला, त्यांना पाहून हसला, आणि मग त्याची नजर भिंतीवरच्या डबीकडे गेली. त्याचा चेहरा उतरला तो बघवत नव्हता. इंदाक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. धावत जाऊन त्याला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी चौकट घट्ट धरून ठेवली.

“काकी, काहीतरी चुकतंय,” सुशांत म्हणाला. “मी कधी हात तरी उगारलाय का? विचारा तिला. आईला विचारा.”

“न्हाई उगारलास, बाळा,” शकू म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “म्हणून तर आत्ता आलोय. उगारल्यावर आम्ही कशाला येऊ? मग पोलीस येतील.”

“मी बाबांसारखा नाही.”

“तुला असं वाटतंय, ते मला पटतंय,” बापू म्हणाले. “मलाबी वाटायचं. मी दारू पीत न्हवतो, बाहेर कुठं भानगड न्हवती. पहिली मूठ मीबी भिंतीवरच मारली. दुसरी दारावर. तिसरी कुठं मारली ते माझी बायको सांगंल, पण ती आता माझ्याशी बोलत न्हाई.” त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. “सुशांत, घाबरून पकडून ठेवलेलं माणूस आपलं नसतंय रे. ते नुसतं जागेवर असतंय.”

सुशांत खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग शकू ऋतुजाकडे वळली.

“पोरी, तुला काय हवंय?”

आता सगळे थांबले. वर्गात शकूला हे कधी जमलं नव्हतं. आज तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि थांबली. सुशांतनं मान वर करून काही बोलायला तोंड उघडलं, तेव्हा बापूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ गेला. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मी हुपरीला जाणार नाही,” ऋतुजा म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. “सगळ्यांना वाटेल, मी माहेरी जावं. मी काय केलंय? मला इथंच राहायचंय, आत्यांजवळ. मला परत कामावर जायचंय. थोडे दिवस... जायचंच असेल तर यांनी जावं.”

हे वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. आजवर प्रत्येक घरी निघून जाते ती बाई, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. शकूनं बापूंकडे बघितलं, बापूंनी शकूकडे. मग दोघांनी इंदाक्कांकडे बघितलं, कारण घर इंदाक्कांच्या नावावर होतं.

“माझ्या माडीवर खोली हाय,” बापू हळूच म्हणाले. “पुरुषांचा वर्ग तिथंच चालतोय. दोन महिने राहील.”

इंदाक्कांनी चौकट सोडली. आत गेल्या. कपाटातून त्यांनी सुशांतचे चार शर्ट काढले, घड्या नीट केल्या. त्याची दाढीची पेटी घेतली. शेंगदाण्याची चटणी एका बरणीत भरली, कारण बापूंच्या हातचं जेवण गल्लीत प्रसिद्ध होतं आणि चांगल्या अर्थानं नव्हे. चटणी भरताना त्यांचे डोळे असे वाहत होते की दोनदा चमचाभर चटणी बाहेर सांडली. एकुलता एक मुलगा. त्याच्या पाठीवर बापाचा एक फटका बसू नये म्हणून त्या किती वेळा मध्ये पडल्या होत्या, ते मोजलेलं नव्हतं. पिशवीचे बंद बांधून त्या बाहेर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

सुशांतनं पिशवीकडे पाहिलं. मग आईकडे.

“आई, माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

“हाय. म्हणून तर बापूंकडं पाठवतीय. शिकशील तू, मला म्हाईत हाय.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर हिनं दार उघडायचं का न्हाई, ते ही ठरवंल. मी न्हाई.”

तो उठला. ऋतुजापुढून जाताना थांबला, काहीतरी म्हणायचं होतं त्याला. ते त्यानं म्हटलं नाही, आणि ऋतुजानंही त्याला वाट करून देण्यासाठी पाय मागे घेतला नाही. दाराशी येऊन तो चपला घालत राहिला. साध्या दोन चपला, पण त्याला त्या सापडत नसल्यासारखा वेळ लागला. बापू जिना उतरून खाली गेले होते.

“आई,” तो वाकलेल्या मानेनंच म्हणाला, “तू मला घराबाहेर काढतीयस.”

इंदाक्कांनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला.

“व्हय, काढतीय. तुझ्या बापाला काढणारं कुणी न्हवतं रे, लेकरा. तुला मी हाय.”